वलंदेजांची पगाराची वही

मागच्या भागात वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा विषय निघाला होता. १६३७ साली डचांनी, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांनी, तिथं बस्तान बसवलं. आता पडक्या भिंती उरल्यात. त्या भिंतींपाशी उभा असताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. इथं पहारा देणाऱ्या शिपायाला पगार किती मिळत असेल?

मालक होती डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी. १६०२ साली स्थापन झालेली, शेअर विकून भांडवल उभं करणारी. जवळपास दोनशे वर्षांत तिनं युरोपातून आशियाकडे सुमारे दहा लाख माणसं पाठवली. परत आला तो साधारण तीनातला एक. काही जण इकडेच स्थायिक झाले, पण बहुतेक आजारानं मेले.

आणि साध्या शिपायाचा पगार? महिना ९ गिल्डर. गंमत अशी की हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहिला. इन्क्रिमेंट वगैरे विसरा.

मग माणसं मिळायची कशी? इथं खरी मेख आहे. अ‍ॅमस्टरडॅमला कामाच्या शोधात पोरं यायची, त्यातली बरीच जर्मन मुलखातली. खिशात दमडी नसायची. खाणावळवाला त्यांना ठेवून घ्यायचा, जेवण द्यायचा, जहाजावर न्यायची पेटी भरून द्यायचा. बदल्यात पोराच्या पुढच्या पगारावर १५० गिल्डरपर्यंतची कर्जचिठ्ठी. या चिठ्ठीला म्हणत 'सेल', आणि डच भाषेत आत्म्याला म्हणतात 'झील'. उच्चार जवळचे. त्यामुळे लोकांनी या दलालांना नावच पाडलं, आत्मे विकणारे!

आता हिशेब करा. १५० कर्जाचे, वर दोन महिन्यांची उचल म्हणजे १८. एकूण १६८. महिन्याला ९ गिल्डरनं हे फेडायला जवळजवळ एकोणीस महिने लागतात. त्यातले सात-आठ महिने तर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचण्यातच जायचे. पोरगा वाटेत मेला तर? त्या तारखेला पगार बंद. कंपनी जगलेल्या दिवसांचेच पैसे मोजायची, आणि उरलेलं कर्ज बुडायचं चिठ्ठीवाल्याचं. म्हणून तोही हात दाखवायचा. चिठ्ठी कमी किमतीत एखाद्या सावकाराला विकून मोकळा व्हायचा. मला यात दलालापेक्षा कंपनी जास्त हुशार वाटते. माणूस मरण्याची जोखीम तिनं बाजारात ढकलून दिली होती.

शिवाय पगाराचा मोठा भाग मायदेशी परतल्यावरच हातात पडायचा. घरी बायको किंवा आई असेल तर वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचा पगार तिच्या नावे करता यायचा, तेवढीच सोय.

हे सगळं आपल्याला कळतं ते कंपनीच्या पगारवह्यांमुळे. अठराव्या शतकातल्या अशा लाखो नोंदी द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि मोबाईलवरही शोधता येतात. माणसाचं नाव, गाव, जहाज, हुद्दा. एका बाजूला देणं, दुसऱ्या बाजूला कमाई. बटाव्हियात कंपनीसाठी राबणारे गुलाम मात्र या वह्यांत सापडत नाहीत. त्यांना पगारच नव्हता.

मी एक संध्याकाळ नुसत्या या नोंदी चाळत बसलो. प्रत्येकात एक रकाना असतो, नोकरी का संपली याचा. परतला, पळाला, बेपत्ता. आणि पुन्हा पुन्हा येणारा एकच शब्द. मेला.