निकोडेमसची माणसं मोजताना

एलिसला आगगाडीतून उतरलात, त्यानंतर तुम्ही चालतच आहात. साल १८७८, कॅन्ससचा वायव्य भाग. नजर जाईल तिथवर गवत, झाड औषधालाही नाही. सोबतची बहुतेक माणसं जेमतेम तेरा वर्षांपूर्वीपर्यंत केंटकीत गुलाम होती. त्यांच्यातली विलियाना हिकमन विचारते, निकोडेमस गाव कुठे आहे? नवरा बोट दाखवतो. जमिनीतून धूर निघतोय. माणसं जमिनीच्या पोटात, खणलेल्या घरांत राहतायत. ती रडू लागते.

तुम्ही वाकून एका घरात शिरा. मातीच्या भिंती, चूल, अंथरूण. आदल्या सप्टेंबरात तीनशेवर माणसं इथे आली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न दिलं, म्हणून बरेच तगले. उत्पन्न विचाराल, तर अजून काहीच नाही. १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळतात, पण पाच वर्षं कसून दाखवावे लागतात. नांगराला जनावरं अगदी मोजकी, म्हणून कुदळ-फावड्यानेच माळ फोडायचा. पुरुष मजुरीसाठी मैलोनमैल पायी जातात. तरीही जमीन स्वतःची होणार आहे, आणि इथलं प्रत्येक उपाशी पोट याच एका गोष्टीवर तग धरून आहे.

आता १८८७ मध्ये या. चुनखडीच्या दगडाची घरं, दुकानं, हॉटेल, बँक, चर्च आणि या एवढ्याशा गावात दोन वर्तमानपत्रं! इथेच स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले होते. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, रेल्वे. ती यावी म्हणून गावकऱ्यांनी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केलेत. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी हाताने माती उकरली, त्यांनी एवढ्या रकमेला होकार दिलाय. गहू बाजारात न्यायला रूळ नसतील तर उत्तम पिकाचंही मोल वाहतुकीतच विरतं, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे.

१८८८. ज्या मिसूरी पॅसिफिक रेल्वे कंपनीसाठी ते कर्जरोखे मंजूर झाले, ती आलीच नाही. युनियन पॅसिफिकने सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून रूळ टाकले. तिथे बोग नावाचं गाव उभं राहतंय, आणि निकोडेमसचे व्यापारी दुकानं उचलून तिकडे निघालेत. दुष्काळ नाही, साथ नाही. रुळांची रेघ कुठून ओढायची हे दूर कुठेतरी ठरलं, आणि बाजारपेठ गेली. मला या गावाच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात अन्यायाची वाटते.

शेतकरी मात्र हटले नाहीत. आसपासची कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबं १९१० पर्यंत टिकून राहिली, वाढलीसुद्धा. १९१९ मध्ये गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरहून जास्त भाव आहे. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. १९३२ मध्ये तोच भाव ४० सेंटच्याही खाली. मागोमाग धुळीची वादळं आली. ट्रॅक्टर आणि कंबाइनमुळे १६० एकरांत घर चालेना. आज कॅन्ससमध्ये सरासरी शेत आठशे एकरांच्या आसपास आहे. एकेकाची शेती मोठी होत जाते तसतशा चुली कमी होतात. १९५० मध्ये मोजलीत तर गावात १६ माणसं. १९५३ मध्ये टपाल कार्यालयही बंद झालं.

२०२० च्या जनगणनेत आकडा १४. इतक्या थोड्या माणसांच्या गावात ‘सरासरी उत्पन्न’ हा शब्दच निरर्थक होतो: एक पेन्शनर वारला किंवा कोणाला तालुक्याच्या गावी नोकरी लागली, की आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून तो सरासरीचा आकडा बाजूला ठेवा आणि जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार गाठा. १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असलेल्या या गावात शेकडो वंशज जमलेत. मिरवणूक निघते, जेवणावळी होतात, पोरं आजी-पणजीची नावं पाठ करतात. त्यांचे पगार डेन्व्हर, टोपेका अशा शहरांच्या हिशेबात धरले जातात. काहींच्या नावावर इथली जमीन अजून आहे. अमेरिकेत जनगणनेचा दिवस १ एप्रिल. त्या दिवशी यांतलं जवळपास कोणीच इथे नसतं.