शिबिराच्या फॉर्मवरील सही



हिवाळा जवळ आला की कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरी एक कागद घेऊन येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, गाव अमुक, काम बंधारा घालणे किंवा झाडे लावणे, आणि खाली पालकांची सही. आपल्या लासलगावात मार्केट यार्डात दिवसभर राबून आलेला बाप तो कागद वाचतो आणि विचारतो, "माती उपसायचीच होती तर तुला कॉलेजात कशाला घातले?" प्रश्न रास्त आहे. ज्याने कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहून फी भरली, त्याला तो विचारण्याचा हक्कच आहे. मात्र त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे असे मला वाटते. कारण या कागदाच्या मुळाशी दोन अशी माणसे आहेत, ज्यांची नावे आपल्या घरांत अभिमानाने घेतली जायला हवीत आणि आज क्वचितच घेतली जातात.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली. मुलांनी केवळ पुस्तकातून न शिकता हाताच्या कामातून शिकावे, हा तेथील विषय. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. समितीत विनोबा आणि काका कालेलकर होते, तसेच ख्वाजा गुलामुस्सैयदैन हे शिक्षणतज्ज्ञही होते. कवी हाली यांच्या घराण्यातला हा माणूस. वर्ध्याची ती योजना पुढे शाळांतून फारशी टिकली नाही, टकळीचे तास तेवढे जुन्या पिढीच्या आठवणीत राहिले. पण काम आणि विद्या एकमेकींच्या सवती नाहीत, हा विचार मागे उरला.

स्वातंत्र्यानंतर तो विद्यापीठांच्या दारी आला. १९५९ मध्ये आपल्या कोकणचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने शिक्षण घेणाऱ्या तरुणांना काही महिन्यांची राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, असे सुचविले. मग सैयदैन साहेबांनी निरनिराळ्या देशांतील अशा योजनांचा अभ्यास केला आणि १९६० साली आपले मत दिले : सेवा असावी, पण ती स्वखुशीची असावी. माझ्या मते हा बारीकसा फरक नाही. सक्तीने केलेली सेवा ही वेठबिगार होते आणि वेठबिगारीतून कोणी काही शिकल्याचे ऐकिवात नाही. पुढे कोठारी आयोगानेही समाजसेवेचा आग्रह धरला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्ध्याच्या समितीचे ते अध्यक्ष त्या वेळेपर्यंत देशाचे राष्ट्रपती झाले होते. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. योजनेचा प्रारंभ पाहण्यास ते उरले नाहीत.

योजना तीन वर्षांची होते न होते तोच महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. लाल मिलो, सुखडी, खडी फोडणारे मायलेक. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली. राष्ट्रीय सेवा योजनेनेही 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा विषय घेतला आणि कॉलेजची मुले खोरी-फावडी घेऊन खेड्यांत गेली.

त्यांतलाच मी एक. आमच्या तुकडीने एका टेकडीवर चार दिवस चर खणले. हाताला फोड आले, त्यांचा केवढा अभिमान! पाचव्या दिवशी गावातला एक म्हातारा शेतकरी वर आला, कामाकडे बघून हसला आणि म्हणाला, "पोरांनो, हे पाणी अडवणं नाही झालं. तुम्ही तर त्याला खाली पळायला रस्ता काढून दिला." चर उतारालाच खणले होते! मग त्याने तीन काठ्या बांधून त्यात दगडाचा ओळंबा सोडला आणि डोंगराच्या अंगावर एकाच उंचीच्या जागा कशा शोधायच्या ते दाखविले. बांधबंदिस्तीच्या कामावर तो हे शिकला होता. समतल रेषेवर खणलेला चर पाणी धरतो, उतारावर खणलेला माती घेऊन जातो. वर्गात समोच्च रेषा मी नकाशावर पेन्सिलीने काढल्या होत्या, गुणही मिळाले होते. पण त्या मला कळल्या त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसून.

पुढे विषय बदलत गेले. वृक्षलागवड आली, पाणलोट क्षेत्रविकास आला, पडीक जमीन आली. हवामान बदल हा शब्द आला तेव्हा काम जुनेच होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर देण्याचा आदेश दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम केला, त्यात शंभरापैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला ठेवले. नदी, तळे, टेकडी पाहून टिपण करावे ही अपेक्षा. आता खरे सांगा मुलांनो, त्या प्रकल्पांच्या वह्या किती जणांनी मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून उतरविल्या? १ मे २०१८ रोजी पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानात शहरांतली हजारो मुलेमुली दुष्काळी गावांत उतरली, त्यांना वही नव्हती. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. श्रेयांक आले की नक्कलही येते, म्हणून हे लिहितो.

आपल्या लासलगावला तर काम शोधायला लांब जावे लागत नाही. १९४७ पासूनची ही बाजार समिती, कांद्याची एवढी मोठी पेठ, आणि तिचे सारे भवितव्य आभाळाकडे बघून ठरते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने नाशिक जिल्ह्यातील कांदा-द्राक्षांची काय दशा केली, ते घरोघरी ठाऊक आहे. बाग बुडाली की शेतकरी बुडतो आणि त्याच्यामागे हमाल, निवडणाऱ्या बाया, टेम्पोवाला, सगळेच. २००२ साली येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण केंद्र उभारले. त्याने कांद्याला मोड येणे थांबते, पण पाऊस खाल्लेला कांदा सडायचा तो सडतोच. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याने एका चाळीतील ठराविक कांदा दर पंधरवड्याला तोलून, त्याच दिवशीचे तापमान आणि दमटपणा शेजारी लिहीत उन्हाळा ते दिवाळी नोंद ठेवली, तर ती शेतकऱ्याच्या उपयोगाची होईल. पर्जन्यमापक महाग नसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे एकदा कळले की पन्नास चौरस मीटरच्या घराच्या छपरावरून वीस मिलिमीटरच्या एका सरीत हजार लिटर पाणी वाहून जाते, हा हिशेब आठवीतली मुलगीही अम्मीला करून दाखवील. आणि पक्ष्यांची आवड असेल तर नांदूर मध्यमेश्वर आपल्याच निफाड तालुक्यात आहे. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

मुलींच्या बाबतीत सही करताना हात अडखळतो, हे मी जाणतो. माझाही अडखळला होता. मुक्काम कोठे, सोबत बाई प्राध्यापिका कोण, रात्रीची व्यवस्था काय, हे प्रश्न कॉलेजात जाऊन समक्ष विचारावेत, त्यात संकोच नको. विचारून समाधान झाले तर मात्र सही करावी. माझी मुलगी गेली. परत आली तेव्हा रापलेली, बूट चिखलाने भरलेले. जेवता जेवता तिने मला विचारले, "अब्बा, तुम्ही खणलेले चर कुठल्या टेकडीवर आहेत?"

पुढच्याच रविवारी तिला घेऊन गेलो. उताराला खणलेल्या चरांची घळ झाली होती, ती दुरूनच दिसली. म्हाताऱ्याने आखून दिलेले चर बुजले होते, पण त्या ओळीने गवत अजून दाट होते आणि दोन कडुलिंब उभे होते.