एक तलाव, तीन ट्राउट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी आयर्लंडच्या ट्राउट माशांवरचा १९८१ सालचा एक पेपर मांडला होता. दहाव्या मिनिटाला मागून प्रश्न आला, "अगं, पण प्रजाती एकच ना? मग तीन-तीन नावं कशाला?" तेव्हा काहीतरी तांत्रिक बोलून मी वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं. ते आज देते.

आयर्लंडच्या वायव्येला लॉख मेल्विन नावाचा तलाव आहे. (लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तलावच.) त्याचा बराचसा भाग आयर्लंड प्रजासत्ताकात आणि थोडा उत्तर आयर्लंडमध्ये येतो. तिथे गळ टाकणाऱ्या लोकांना ट्राउट तीन प्रकारचे असतात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. गिलारू सोनेरी अंगाचा आणि लाल ठिपक्यांचा. त्याच्या आयरिश नावाचा अर्थच 'लाल गडी' असा होतो. सोनाघेन काळपट पंखांचा, अंगावर मोठे काळे ठिपके असलेला. आणि तिसरा फेरॉक्स, मोठा, दीर्घायुषी, दुसरे मासे खाणारा. आपल्या कानाला सोनाघेन हा सोनेरी वाटतो, पण सोनेरी असतो तो गिलारू! माझ्या सुरुवातीच्या नोट्समध्ये या दोघांची अदलाबदल झालेली आहे.

विज्ञानाचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते गिलारूच्या पोटाकडे. १७७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डेन्स बॅरिंग्टनने या माशाबद्दल लिहिलं आणि प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटरने त्याच्या जठराची तपासणी मांडली. गिलारू गोगलगायी शंखासकट गिळतो आणि त्याच्या जठराची भिंत चांगलीच जाड असते. कोंबडीच्या पोटात दाणे भरडणारी जाड पिशवी असते, तसलंच हे काही आहे का, हा त्या वेळचा प्रश्न होता. हंटरचं मत पडलं की स्नायू जाड आहेत, पण पक्ष्यांसारखी खरी भरडणारी पिशवी ही नव्हे. मला यात गंमत वाटते ती ही, की या माशाचा अभ्यास सुरू झाला तोच 'हा खातो काय?' या प्रश्नापासून.

पुढे मात्र हा प्रश्न मागे पडला. एकोणिसावं शतक हे नावं देण्याचं शतक. फेरॉक्सला १८३५ मध्येच सॅल्मो फेरॉक्स हे नाव मिळालं होतं. ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट ग्युंथरने १८६६ मध्ये गिलारूला सॅल्मो स्टोमॅकिकस आणि काळ्या पंखांच्या ट्राउटला सॅल्मो नायग्रिपिनिस अशी स्वतंत्र प्रजातींची नावं दिली. मग त्याच संग्रहालयातल्या टेट रीगनने १९११ मध्ये हा सगळा पसारा आवरला आणि ब्रिटन-आयर्लंडचे सगळे ट्राउट एकाच सॅल्मो ट्रुटामध्ये घातले. रीगनला मी मोडीत काढणार नाही. ट्राउटचा रंग, आकार, वाढ हे सगळं पाण्यानुसार आणि अन्नानुसार खरंच बदलतं. बरणीतल्या मेलेल्या माशांकडे बघून ठरवायचं, तर त्याचा निर्णय ग्युंथरपेक्षा शहाणपणाचा होता. पण परिणाम असा झाला की तलावाकाठच्या लोकांची तीन नावं पुढची सत्तर वर्षं 'स्थानिक समजूत' या खात्यात जमा झाली.

आता तो १९८१ चा पेपर. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने मेल्विनच्या ट्राउटची प्रथिनं तपासली. पद्धत तशी साधी: ऊतींचा अर्क जेलवर ठेवायचा, वीज सोडायची, आणि एकाच प्रथिनाची वेगवेगळी रूपं कुठवर सरकतात ते बघायचं. ती रूपं जनुकांवरून ठरतात, आज काय खाल्लं यावरून नाही. तिन्ही प्रकारांमध्ये या रूपांचं प्रमाण इतकं वेगळं निघालं की ते आपसात मुक्तपणे वीण करत असणं शक्यच नव्हतं.

एकाच पाण्यात राहून हे जमतं कसं? तर खाण्याने आणि फिरण्याने. गिलारू काठाजवळच्या उथळ पाण्यात तळाशी चरतो: गोगलगायी, अळ्या वगैरे. सोनाघेन उघड्या, खोल पाण्यात मधल्या थरात राहून डॅफ्नियासारखे तरंगणारे बारीक जीव टिपतो. फेरॉक्स माशांवर जगतो. पण नुसत्या वेगळ्या ताटांनी वंश वेगळे राहत नाहीत. खरी फारकत होते ती अंडी घालायच्या वेळी. गिलारू मुख्यतः तलावातून बाहेर पडणाऱ्या ड्राऊझ नदीकडे जातो, सोनाघेन तलावात येणाऱ्या ओढ्यांमध्ये चढतो, आणि फेरॉक्स ग्लेनॅनिफ नदीच्या खालच्या भागात जातो. ट्राउट जिथे जन्मला तिथेच परततो, त्यामुळे ही विभागणी पिढीमागून पिढी टिकते.

नंतर मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून असंही दिसलं, की हे तिघं बहुधा या तलावात वेगळे झालेच नाहीत. हिमयुग सरल्यावर वेगवेगळ्या वंशांचे ट्राउट इथे वेगवेगळे येऊन पोचले असावेत. म्हणजे आधी घराणी वेगळी, मग एका तलावात बिऱ्हाडं. (माझ्या क्षेत्रात 'तिथल्या तिथे वेगळे झाले' ही गोष्ट सांगायला फार आवडते, म्हणून हे मुद्दाम सांगते.)

मग प्रजाती एक की तीन? कोटेलाट आणि फ्रायहोफ यांच्या युरोपीय गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या २००७ च्या ग्रंथात तिन्ही पुन्हा स्वतंत्र प्रजाती आहेत. बरेच जनुकशास्त्रज्ञ अजूनही सॅल्मो ट्रुटाच म्हणतात. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण 'प्रजाती एकच' म्हणजे 'मासा एकच' असं मात्र नाही. तलावात जाळं टाकून नुसते 'ट्राउट' मोजले, तर आकडा मुख्यतः सोनाघेन आणि गिलारूच ठरवणार, कारण फेरॉक्स संख्येने मुळातच कमी. ग्लेनॅनिफच्या त्या छोट्या टप्प्यात गाळ साचला, खडी झाकली गेली, तर फेरॉक्सची वीण थांबेल आणि तलावातला एकूण आकडा जवळपास तसाच दिसेल. बाहेरून हॅचरीतली पिल्लं आणून सोडली तर आकडा उलट वाढलेला दिसेल. जर्नल क्लबमध्ये प्रश्न विचारणाऱ्या सरांना मी हे द्यायला हवं होतं: नावं तीन हवीत, कारण मोजणी तीन ठिकाणी करावी लागते, आणि त्यातली एक त्या नदीच्या खालच्या टप्प्यात.