आधी शिवण, मग काप : गोधडीतल्या त्रिकोणाविषयी

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगेत वसलेल्या जिवती तालुक्यात मराठीचे जे रूप कानी पडते ते वऱ्हाडी नव्हे आणि पूर्व विदर्भातली झाडीबोलीही नव्हे. ते पुष्कळसे नांदेड-लातूर-परभणीकडचे आहे. त्याच्या शेजारी कोलामी आहे, गोंडी आहे, तांड्यांवरची गोरबोली आहे. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. मराठवाड्यातली बहुसंख्य कुटुंबे मात्र १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे पहाडावर चढून आली. त्या दुष्काळाचा आवाका आठवायचा तर एकच आकडा पुरे : १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. ज्यांना खडी फोडण्यापेक्षा जंगलाच्या कडेची जमीन कसणे बरे वाटले, त्यांच्यातली काही इकडे आली.

हा मुलूख त्यांना अगदीच परका नव्हता. राजुऱ्याचा परिसर (जिवती पूर्वी राजुरा तालुक्यातच होती) निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. सरहद्दीवरच्या चौदा गावांवर तर महाराष्ट्र आणि आधी आंध्र, २०१४ नंतर तेलंगणा, अशी दोन्हीकडची सरकारे हक्क सांगत आली. माणसांची नावे दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत लागली.

अशा वस्तीचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? कागद फारसे नाहीत, आणि कागद नसणे हीच इथल्या माणसांची मोठी अडचण आहे. २००६चा वनहक्क कायदा बिगरआदिवासी वननिवासींकडे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. १९७२ साली आलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? पुरावा म्हणून जे ग्राह्य धरले जात नाही, पण घरोघरी आहे, अशा एका वस्तूकडे या लेखात पाहायचे आहे. ती वस्तू गोधडी. आणि गोधडीतही तिच्यावरचा एक लहानसा आकार, अर्ध्या चौरसाचा त्रिकोण.

गोधडीकडे मराठी साहित्याचे लक्ष गेलेले नाही असे नाही. झाले तर ते जरा जास्तच गेले आहे. कवितेत, ललितलेखात, शालेय पाठ्यपुस्तकात गोधडी येते ती आईची ऊब म्हणून. एकेका ठिगळाशी एकेक आठवण बांधलेली असते, आणि लेख संपता संपता डोळे पाणावतात. गंमत अशी की आपली समीक्षा मात्र 'ठिगळ' हा शब्द शिवीसारखा वापरते; कादंबरीतला उपरा भाग म्हणजे ठिगळ. माया आणि हेटाळणी या दोहोंत एक गोष्ट समान आहे : ठिगळ कसे लावतात, हे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की गोधडीचा ऐतिहासिक अर्थ आठवणीत कमी आणि शिवणीत जास्त आहे.

तेव्हा आधी शिवणीकडे वळू. चौरस कापडाचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन त्रिकोण मिळतात. सोपे वाटते. पण कापडाचे धागे उभे आणि आडवे असतात. कर्णावर कापताच ती कड दोन्ही धाग्यांना तिरकी, शिंप्याच्या भाषेत उरेब होते. उरेब कड ओढली की लांबते, शिवताना लाटेसारखी उठते. असे दोन त्रिकोण पुन्हा जोडून चौरस करायला जावे तर तो चौरस राहत नाही, पतंगासारखा एका अंगाला कलतो. नवशिक्या हातांचा हा नेहमीचा अनुभव.

क्विल्ट शिवणाऱ्यांनी यावर काढलेली सोपी युक्ती शीर्षकात आली आहे : आधी शिवायचे, मग कापायचे. एक फिका आणि एक गडद असे सारख्या मापाचे दोन चौरस सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे. वरच्या तुकड्याच्या उलट बाजूवर पेन्सिलीने कर्ण आखायचा. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर टीप मारायची, आणि मग रेघेवरून कात्री चालवायची. उघडून इस्त्री केली की हातात दोन चौरस येतात, प्रत्येक अर्धा फिका, अर्धा गडद. उरेब कड सुटी अशी कधी राहतच नाही. कात्री लागण्याआधीच तिला टिपेने धरून ठेवलेले असते. मोठे चौरस घेऊन दोन्ही कर्ण आखले, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी टीप मारली, आणि मग उभे, आडवे व दोन्ही तिरके काप घेतले, तर एकदम आठ नग मिळतात.

मापाचा प्रश्न उरतो. शिवून झाल्यावर तीन इंचाचा चौरस हवा असेल तर तुकडा घ्यावा लागतो तीन इंच सात सूत, म्हणजे ३ ७/८ इंच. (आठ सुतांचा इंच, हे सुतार-गवंड्यांना सांगावे लागत नाही.) हे सात सूत कुठून आले? पाव इंचाची शिवण त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना जाते. दोन सरळ बाजूंचे मिळून अर्धा इंच, आणि कर्णावरच्या शिवणीसाठी पाव इंचाची दोनच्या वर्गमूळपट. बेरीज येते ०.८५४ इंच. सात सूत म्हणजे ०.८७५. जो केसभर फरक उरतो तो शेवटी छाटून टाकतात. चौरसाच्या कर्णावर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस उभा राहतो हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि दोनच्या वर्गमूळाची ५७७/४०८ ही अतिशय जवळची किंमतही तिथे आहे. यज्ञवेदीच्या विटा मांडणाऱ्यापुढे आणि क्विल्ट शिवणाऱ्या बाईपुढे कोडे एकच होते. एकाच्या हाती दोरी होती, दुसरीच्या हाती दोरा.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या त्रिकोणाने मोठा विस्तार केला. भिरभिऱ्याचा नमुना, फुटक्या ताटल्यांचा 'ब्रोकन डिशेस' असे कितीतरी नमुने अर्ध्या चौरसावरच उभे आहेत. १८५०च्या दशकापासून शिवणयंत्र घरात आले, विसाव्या शतकात वर्तमानपत्रे नमुने छापू लागली, आणि १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने फिरत्या पात्याची कातर बाजारात आणल्यावर कापणे मिनिटांचे काम झाले. पण ही सारी वाटचाल एक गोष्ट गृहीत धरते : कापण्यासाठी कापड आहे. म्हणजे पुरेसे, एकसारखे, बहुधा नवे, आणि सात सूत जास्तीचे. जिथे ते नव्हते तिथे अमेरिकेतही क्विल्ट वेगळी झाली. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या, गुलामांच्या वंशातल्या स्त्रियांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांच्या क्विल्ट केल्या. २००२ साली त्यांचे मोठे प्रदर्शन ह्यूस्टनच्या संग्रहालयात मांडले गेले तेव्हा कलासमीक्षकांना आधुनिक चित्रकला आठवली. त्या बायकांना बहुधा थंडी आठवत असावी.

गोधडीचे गणित याच दुसऱ्या बाजूचे आहे. दक्षिणेकडे तिला कौदी म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात वाकळ, बाळाची ती दुपटे. जुने लुगडे किंवा धोतर जमिनीवर अंथरायचे, त्यावर जुन्यांचे थर, वर दुसरे लुगडे किंवा ठिगळे, आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकत यायचे. हा धावदोरा ठिगळाला नुसते शेजारच्या ठिगळाशी जोडत नाही. तो त्याला खालच्या थरांशी बांधतो. म्हणून उरेब कडेची अडचण गोधडीत जवळजवळ उरत नाही. ताणायला तिला मोकळीकच नसते. आणि मुळात ती कड कापायची गरजही नसते, कारण त्रिकोण दुमडूनही होतो. चौकोनी रुमाल तिरका दुमडून बाळाला त्रिकोणी लंगोट बांधणारे हात तेच करतात. एरवी फुकट जाणारा दुसरा अर्धा इथे पहिल्याच्या पोटाशी राहतो; ऊब दुप्पट, आणि उसवले तर अख्खा चौरस परत.

दुमडलेल्या त्रिकोणाचा उत्तम नमुना आपल्याला उत्तर कन्नडमधल्या सिद्दींकडे मिळतो. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळालेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात तिच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणात दुमडलेले कापडाचे थर लावतात. त्यांना फुला म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी, अपुरी समजली जाते. हल्याळ-यल्लापूरच्या रानातली ही रीत जिवतीत आली असे मला सुचवायचे नाही. रानाच्या आश्रयाने राहिलेल्या, कापड दुर्मीळ असलेल्या वस्त्यांत कात्रीशिवायचा त्रिकोण किती दूर जाऊ शकतो, एवढेच त्यावरून दिसते.

तिसरा एक त्रिकोण आहे, तो ना कापलेला ना दुमडलेला. तो सापडलेला असतो. शिंप्याकडे सरळ कापड जाते आणि बाही, बगल, गळा, कळी कापून झाल्यावर जे कात्रण खाली पडते त्यात तिरके, त्रिकोणी तुकडेच अधिक. गोधडीत असे वेडेवाकडे, कडा आत मुडपलेले त्रिकोण दिसू लागले की समजावे : गावात किंवा जवळच्या बाजाराच्या ठिकाणी शिवणयंत्र पोचले आहे. कात्रण टेरिकॉटचे असेल तर काळाची आणखी एक खूण मिळते. सुती लुगडी मागे पडून कृत्रिम धाग्याची कापडे खेड्यात सर्रास झाली ती याच स्थलांतराच्या पुढच्या वर्षांत.

म्हणजे त्रिकोणाचे तीन प्रकार हे तीन वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांचे साक्षीदार ठरतात. दुमडलेला असेल तर कापड अपुरे होते आणि ते पुन्हा वापरायचे होते. कात्रणाचा असेल तर घर बाजाराशी जोडले गेले होते. आधी शिवून मग कापलेला, मापात बसलेला असेल तर गोधडी बहुधा विक्रीसाठी किंवा हौसेने, त्यासाठीच आणलेल्या कापडाची केलेली आहे. आज शहरांतल्या प्रदर्शनांत 'पारंपरिक गोधडी' म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे या तिसऱ्या जातीचे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, त्यावर बायकांना चार पैसे मिळतात. परंपरेचा पुरावा म्हणून ते वाचणे मात्र चूक.

कापण्याला आपल्याकडे आणखी एक अर्थ होता, तो इथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. विनयपिटकात अशी हकीकत आहे की मगधातली बांधबंदिस्तीची शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारले, तसे चीवर करता येईल का. आणि आनंदाने तुकडे जोडून ते केले. तुकडे केलेले कापड चोराच्या उपयोगाचे राहत नाही, त्याचा मोह पडत नाही. भिक्षूने कापड कापायचे ते त्याची किंमत उतरवण्यासाठी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला, नागपूरपाठोपाठ, धम्मदीक्षेचा सोहळा केला. या जिल्ह्यात चीवर म्हणजे केवळ ग्रंथातला शब्द नाही. पण ज्या घरात चोराने नेण्यासारखे काही नव्हते तिथे कापड कापणे हा त्याग नव्हता, ती उधळपट्टी होती. गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्या आणि मजुराच्या अंगावरच्या चिंध्या यांतला फरकही असाच वाचावा लागतो. एकाने त्या निवडल्या होत्या.

संग्रहालयांतल्या नोंदींत गोधडीची लांबी-रुंदी असते, रंग असतात, 'लोककला' असा शिक्का असतो. ठिगळ दुमडलेले की कापलेले, हे क्वचितच सापडते. ते पाहायला गोधडी उलटी करावी लागते, कधी एखादी शिवण उसवावी लागते. जिवतीसारख्या ठिकाणी तर आत आणखी काही असू शकते. गोधडी फाटली म्हणून टाकत नाहीत. तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा धावदोरा घालतात, आणि जुनी नवीच्या पोटात राहते. पहाडावर शिवलेल्या गोधडीच्या आत मराठवाड्यात शिवलेली गोधडी असणे अगदी शक्य आहे. मराठीच्या ज्या विभागांत लोकसाहित्याचे प्रकल्प ओव्या गोळा करून थांबतात, त्यांनी एखाद्या विद्यार्थिनीला हे काम द्यावे : घरमालकिणीच्या परवानगीने थर मोजावेत, त्रिकोणांची जात लिहून घ्यावी, कोणते कापड कोणाचे आणि कोणत्या गावचे हे तिच्याच शब्दांत टिपावे. वेळ फार नाही. दुष्काळाच्या साली विशीत असलेली, गाडीत गोधड्या घालून डोंगर चढलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे.