तार

आमच्या गावात तार म्हणजे मरण. चांगल्या बातमीला साधं कार्ड पुरायचं. तारवाल्याची सायकल वेशीतून आत आली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, आणि ती आपल्या दारावरून पुढं गेली की सुटकेचा श्वास टाकायच्या.

श्रावणातल्या एका दुपारी ती आमच्या दारात थांबली. आज्जी जोंधळे पाखडत होती. कागद उघडायच्या आधीच तिच्या हातातलं सूप पडलं. गुरुजींनी वाचलं, “मुलगा सीरियस, ताबडतोब निघा.” थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. ‘सीरियस’ म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबा तसेच निघाले. पण ओढ्याला पाणी, एस.टी. बंद. ते मुंबईत पोचले तेव्हा चाळीतल्या माणसांनी सगळं उरकलं होतं. आबांच्या हाती आली एक पत्र्याची ट्रंक.

पुढं शिकायला बाहेर पडल्यावर सॅम्युअल मोर्सची गोष्ट वाचली, आणि आबाच आठवले.

मोर्स हा अमेरिकेतला चित्रकार. जन्म १७९१ चा. १८२५ च्या फेब्रुवारीत तो वॉशिंग्टनला जनरल लाफाएतचं चित्र काढायच्या कामावर होता. बायको ल्युक्रेशिया दूर न्यू हेवनला, नुकतीच बाळंत झालेली. ती अचानक गेली. बापाचं पत्र घोडागाडीच्या टपालानं त्याच्यापर्यंत आलं. तो धावत घरी पोचला, तर तिला मातीही देऊन झाली होती.

या दुःखातूनच तार जन्मली असं लोक सांगतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही. मध्ये सात वर्षं गेली. १८३२ साली युरोपातून परतताना ‘सली’ नावाच्या जहाजावर विजेच्या गप्पा निघाल्या, आणि विजेनं निरोप धाडता येईल हे त्याच्या डोक्यात बसलं. पहिलं यंत्र त्यानं चित्राचा कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवरच उभं केलं. तो काही एकटा नव्हता. विद्युतचुंबकाचं ज्ञान जोसेफ हेन्रीचं, यंत्राच्या घडणीत आल्फ्रेड व्हेलचा हात. युक्ती मात्र साधी. इकडं कळ दाबली की तारेतून वीज जाते, तिकडं चुंबक लोखंडाची पट्टी ओढतो. थोडा वेळ दाबली तर टिंब, जास्त वेळ दाबली तर रेघ. टिंब आणि रेघ जुळवून सगळी अक्षरं. पुढं तारमास्तर नुसत्या ‘कडकट्ट’वरून मजकूर लिहून घ्यायला लागले.

पैशासाठी त्यानं वर्षानुवर्षं उंबरे झिजवले. १८४३ साली सरकारनं ३०,००० डॉलर मंजूर केले, आणि २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला निरोप गेला. मग तारा समुद्राच्या तळाशी उतरल्या. १८६६ पासून अटलांटिकपार निरोप कायमचे सुरू झाले, आणि १८७० साली एडनहून आलेली केबल मुंबईला टेकली. विलायतेची बातमी बोटीची वाट न बघता येऊ लागली. दोन वर्षांनी, १८७२ साली, मोर्स वारला.

जग जोडलं गेलं, हे खरं. पण तारेनं पळवला तो निरोप. माणूस होता तिथंच राहिला, ओढ्याच्या अलीकडं. मोर्सला बातमीच उशिरा कळली. आबांना वेळेत कळली, तरी दोघंही पोचले ते सगळं संपल्यावर.

२०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. त्या दिवशी मी ती ट्रंक उघडली. तळाशी तो कागद होता, घडीवर विरलेला. आबांनी तो कधी फाडला नाही. कुणी तारेला बोल लावला की ते एवढंच म्हणायचे, “तार येळंवर आली व्हती रं. मीच उशिरा पोचलो.”