खरा गुन्हेगार कोण? : पेरी मेसन ते पुसद

कोर्टातल्या मालिका आपल्याकडे आवडीने पाहिल्या जातात. यवतमाळ, पुसद, उमरखेड कुठेही जा, 'अदालत'मधला के. डी. पाठक लोकांना ठाऊक आहे. ही मालिका 2010 मध्ये सुरू झाली. पण तिचा घाट फार जुना आहे. 1957 ते 1966 या काळात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'पेरी मेसन' ही मालिका चालली. तिचे 271 भाग झाले आणि वकिलाची भूमिका रेमंड बर याने केली. मूळ कादंबऱ्या अर्ल स्टॅन्ली गार्डनर याच्या. तो स्वतःही वकील होता.

या मालिकेचे गणित ठरलेले होते. एक खून होतो. भलत्याच माणसावर आळ येतो. सगळा पुरावा त्याच्या विरोधात असतो. मेसन उलटतपासणी सुरू करतो आणि शेवटी साक्षीदारांतला किंवा बाकावर बसलेला कोणीतरी कोलमडतो आणि खून मीच केला असे कबूल करतो. आशील सुटतो, प्रेक्षक निःश्वास टाकतो. 17 ऑक्टोबर 1963 रोजी दाखवलेला भाग वेगळा म्हणून गाजला. त्याची सुरुवातच मेसन खटला हरतो इथून होते. ज्युरी त्याच्या आशिलाला दोषी ठरवते, मृत्युदंड होतो. पण त्या भागातही मेसन थांबत नाही आणि शेवटाला खरा खुनी सापडतोच. हरलेला खटलाही खुनी सापडल्याशिवाय संपवण्याची त्या मालिकेची तयारी नव्हती.

मला या मालिकांबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी आपल्या मनात एक समज पक्का केला आहे. आरोपी निर्दोष ठरायचा असेल तर दुसरा कोणीतरी दोषी सापडला पाहिजे, हा तो समज. कायदा असे म्हणत नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होते, त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. आरोपीने खरा गुन्हेगार शोधून आणायचा नसतो. सरकारी पक्ष वाजवी शंकेपलीकडे आरोप सिद्ध करू शकला नाही, एवढे सुटकेला पुरेसे आहे.

गार्डनरला हे चांगले माहीत होते. 1948 मध्ये त्याने 'आर्गोसी' मासिकाच्या मदतीने एक उपक्रम सुरू केला. चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणे वकील, डॉक्टर आणि तपासतज्ज्ञ पुन्हा तपासत. कादंबरीत प्रत्येक आशिलासाठी खुनी हजर करणाऱ्या या लेखकाला खऱ्या तुरुंगात असे कैदी दिसत होते, ज्यांच्यासाठी कबुली द्यायला कोणीही उभे राहिले नव्हते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. 25 सप्टेंबर 2015, बकरी ईदचा दिवस. गोवंश हत्याबंदीचा कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात लागू झाला होता. पुसदमध्ये मशिदीबाहेर बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांवर एका तरुणाने चाकूने हल्ला केला. सणाच्या दिवशी आपल्याच गावच्या बंदोबस्तासाठी उभ्या असलेल्या पोलिसांवर चाकू चालवणे हा गुन्हाच आहे. त्याला कायद्याच्या राग आला होता, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पण खटला तेवढ्यावर थांबला नाही. प्रकरण दहशतवादविरोधी पथकाकडे गेले. या तरुणासह तिघांवर यूएपीए लागला. मुस्लिम तरुणांना दहशतवादी संघटनांकडे वळवण्याचा कट होता, असा तपास यंत्रणेचा दावा होता. 2019 मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला. न्यायाधीश ए. एस. जाधव यांनी तिघांनाही दहशतवादाच्या आरोपांतून निर्दोष सोडले. केवळ 'जिहाद' हा शब्द वापरला म्हणून कोणाला दहशतवादी ठरवणे धोक्याचे आहे, असे त्यांनी म्हटले. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ प्रयत्न, संघर्ष असा आहे, याचीही निकालपत्रात नोंद आहे. पोलिसांना जखमी केल्याबद्दल मात्र हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो अटकेच्या दिवसापासून तुरुंगातच होता. शिक्षेपेक्षा जास्त काळ त्याने आधीच भोगला होता.

या खटल्यात शेवटच्या क्षणी कोणी कबुली दिली नाही. न्यायाधीशांनी फक्त दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जे सिद्ध झाले त्याची शिक्षा दिली, जे सिद्ध झाले नाही ते बाजूला ठेवले. मालिकेत हे दाखवले तर कंटाळवाणे वाटेल. पण न्यायाधीशाचे काम हेच आहे.

मालिकेसारखी कबुली खऱ्या आयुष्यातही कधीतरी मिळते. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावात स्फोट झाले. नऊ मुस्लिमांना अटक झाली. डिसेंबर 2010 मध्ये स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबात वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवले. तो जबाब त्यांनी पुढे मागे घेतला. पण 2011 मध्ये या आरोपींना जामीन मिळाला आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. कोणी बोललेच नसते तर? केवळ त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, एवढ्यावर त्यांचा जामीन झाला असता का? यूएपीएमध्ये 2008 साली झालेल्या दुरुस्तीनंतर जामीन मिळणे किती अवघड झाले आहे, हे पाहिले की या प्रश्नाचे उत्तर द्यायला धीर होत नाही.

जुलै 2025 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्या पाचांपैकी एक जण 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला. स्वतःची सुटका त्याला दिसली नाही. सरकारने लगेच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला तिथे स्थगिती मिळाली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले नाही. 31 जुलैला विशेष न्यायालयाने मालेगावच्या 2008 च्या स्फोटातील साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह सातही आरोपींना निर्दोष सोडले.

दोन्ही वेळी एकच प्रश्न विचारला गेला : मग स्फोट केले कोणी? पहिल्या निकालानंतर तो एका बाजूच्या लोकांनी विचारला, दुसऱ्यानंतर दुसऱ्या बाजूच्या. पहिल्या निकालावर आनंदलेले आपल्यातले अनेक जण दुसऱ्या निकालावर संतापले. उलट बाजूलाही तेच झाले.

प्रश्न रास्त आहे. लोकलमध्ये 180 हून अधिक माणसे गेली, मालेगावात 2008 मध्ये सहा. त्यांच्या घरच्यांना उत्तर मिळायलाच हवे. पण ते उत्तर तपास यंत्रणेने आणि सरकारने द्यायचे आहे. निकालावर टीका करता येते, अपील करता येते, पुरावा कसा गोळा झाला याचा जाब विचारता येतो. सुटलेल्या माणसाच्या दारात जाऊन 'तू नाही तर कोण?' असे विचारता येत नाही.

आपल्या परंपरेत हे नवे नाही. पुरावा देणे दावा करणाऱ्याचे काम आहे आणि शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टाळावी, ही फिकहमधली जुनी सूत्रे आहेत. हजरत अली आणि काझी शुरैह यांची गोष्ट आपण मदरशात, वाजमध्ये अनेकदा ऐकतो. खलिफा असलेल्या अलींचे चिलखत एका बिगरमुस्लिमाकडे सापडते. दावा खरा असतो, पण ग्राह्य साक्षीदार मिळत नाही म्हणून काझी खलिफाच्या विरोधात निकाल देतात. या गोष्टीत आपण नेहमी काझींच्या बाजूने असतो. मग निकाल आपल्या मनाविरुद्ध लागला तरी तीच बाजू धरायला हवी.

पुसदच्या निकालातला नियम आपल्याला आवडतो, कारण त्यात आपली मुले सुटली. तोच नियम ज्यांच्याबद्दल आपल्या मनात राग आहे त्यांनाही लागू आहे. हे मान्य केले तरच उद्या आपल्या एखाद्या मुलासाठी तो नियम मागण्याचा अधिकार आपल्याकडे राहील.