गायकाविना चाललेली मैफल : कॅसिओपियाची वाटचाल

वारणानगरला वाद्यवृंद म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, पाठोपाठ दूध संघ, शाळा-महाविद्यालये आली आणि त्याच ओघात शेतकरी-कामगारांच्या मुलांचा वारणा बाल वाद्यवृंदही उभा राहिला. बाल वाद्यवृंदाला निसर्गानेच एक अट घातलेली असते. वादक मोठा झाला की त्याने जागा सोडायची. दर काही वर्षांनी हात बदलतात, तरी संस्था टिकवायची असते. ती टिकते तालमीवर आणि नीट बांधलेल्या चालींवर.

हाच प्रश्न जपानमधल्या एका व्यावसायिक वाद्यवृंदापुढे वेगळ्या रूपात उभा राहिला. १९७६ साली टोकियोत निघालेल्या कॅसिओपियाने कायमचा गायक कधीच ठेवला नाही. गायकाची जागा घेतली विजेच्या गिटारीने. वादक आले, गेले, संस्था दोनदा नव्या नावाने उभी राहिली, पण ती गिटार वाजवणारा पहिला माणूस बदलला नाही. गिटारीकडे एरवी गाण्यामागची साथ म्हणून पाहणाऱ्या आपल्या श्रोत्याने ही वाटचाल समजून घेण्यासारखी आहे.

पूर्वपीठिका

जॅझ हे मुळात उपजेचे संगीत. ठरलेल्या चालीभोवती वादकाने त्या क्षणी सुचेल तसे बोलत जायचे. १९७० साली माइल्स डेव्हिस यांची ‘बिचेस ब्रू’ ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि जॅझमध्ये विजेची वाद्ये व रॉकचा ठेका उघडपणे शिरला. त्यात गिटार वाजवणाऱ्या जॉन मॅक्लॉफलिन यांनी पुढे स्वतःचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला आणि त्यानंतर झाकिर हुसेन, एल. शंकर यांच्यासह ‘शक्ती’. जॅझ आणि रॉक यांच्या या मिश्रणाला फ्यूजन हे नाव रूढ झाले. जपानमध्ये सुरुवातीला ‘क्रॉसओव्हर’ हा शब्दही चालत असे.

जपानची जमीन या पिकाला तयार होती, आणि त्याला एका कारखान्याचा हातभार होता. १८८७ साली हमामात्सु गावच्या शाळेतला परदेशी रीड ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करणाऱ्या तोराकुसु यामाहा यांनी पुढे स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी याच जातीची. त्या धंद्यातून वाढलेली यामाहा कंपनी १९७० च्या दशकात पियानो, सिंथेसायझर आणि विजेच्या गिटारी बनवत होती, शिवाय हौशी बँडसाठी ‘ईस्टवेस्ट’ नावाची स्पर्धाही भरवत होती. वाद्य बनवणाऱ्याने वादकही घडवायचे, हे धोरण. उसाबरोबर ऊस लावणाऱ्याचीही काळजी घेणाऱ्या परिसराला त्यातला हिशेब लगेच कळेल.

स्थापना आणि पहिली पावले

हा माणूस म्हणजे गिटारवादक इस्सेई नोरो. त्यांचा जन्म १९५७ चा. विशीच्या आतच त्यांनी बासगिटार वाजवणाऱ्या तेत्सुओ साकुराई यांच्याबरोबर कॅसिओपिया उभा केला आणि त्याच वर्षी ईस्टवेस्ट स्पर्धेचा मंच गाठला. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत नोरो यांना उत्कृष्ट गिटारवादकाचे बक्षीस मिळाले. १९७७ मध्ये मिनोरु मुकाइया कीबोर्डवर आले. (रेल्वेचे वेड असलेले हे गृहस्थ पुढे जपानी स्थानकांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या अनेक धुनांचे कर्ते म्हणूनही ओळखले गेले.)

१९७९ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीत रँडी व मायकेल ब्रेकर आणि डेव्हिड सॅनबॉर्न हे अमेरिकी वादक पाहुणे होते. त्याच वर्षीच्या ‘सुपर फ्लाइट’मध्ये ‘असायाके’ ही धून आली. पहाटेच्या लालीचे नाव असलेली ही धून या बँडची ओळख ठरली. १९८० मध्ये केइओ विद्यापीठात शिकणारे अकिरा जिम्बो ड्रमवर आले आणि चौघांचा मेळ बसला. १९८१ मध्ये हार्वी मेसन यांच्या निर्मितीखाली त्यांनी अमेरिकेत ‘आइज ऑफ द माइंड’ ध्वनिमुद्रित केली.

गिटार गाते म्हणजे काय करते

विजेची गिटार आपल्याकडे नवी नव्हती. व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवर हवाईयन गिटारीतून चित्रपटगीते घरोघरी वाजली. पण तिथे गाण्याचे शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असत. गिटार फक्त आठवण करून देई. कॅसिओपियाच्या धुनेमागे आठवायला शब्दच नाहीत. जे सांगायचे ते तारेलाच सांगावे लागते.

त्यासाठी नोरो यांच्याकडे दोन भाषा आहेत. पहिली ठेक्याची. ‘असायाके’च्या सुरुवातीला उजवा हात न थांबता खालीवर फिरत असतो, आणि डावा हात तारा दाबून सोडून कोणता फटका वाजू द्यायचा, कोणता नुसता खरखरीत ठेवायचा हे ठरवतो. जपानी वादक या वादनाला ‘कटिंग’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते की तालवाद्य आणखी एक वाढले. तबल्याच्या बंद-खुल्या बोलांवर कान तयार झालेल्या माणसाने इथे फक्त तेवढेच ऐकावे : कुठला फटका बंद, कुठला खुला.

दुसरी भाषा सुराची. पडद्यावर दाबलेली तार बोटाने आडवी ढकलली की तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. सतारीवर मींड निघते ती याच तत्त्वावर. सतारिया मात्र तार ओढून चार-पाच सुरांपर्यंत जातो, गिटारवादक बहुधा एक-दीड सुराच्या आतच खेळतो. त्या थोड्या जागेत बरेच घडते. सूर गाठायला किती वेळ घेतला, गाठल्यावर बोट हलवून त्याला किती आंदोलन दिले, की तो तसाच सरळ ठेवला, आणि सोडताना तार हळू उतरवली की एकदम तोडली. दोन गिटारवादक एकच चाल वाजवतात तेव्हा फरक पडतो तो याच ठिकाणी.

वाद्याची बांधणीही यात वाटेकरी आहे. सुरुवातीच्या काळात नोरो यामाहाच्या एसजी मालिकेतली गिटार वाजवत. या मालिकेतल्या एसजी-२००० मध्ये मानेचे लाकूड अंगाच्या शेवटापर्यंत सलग जाते आणि घोडीखाली पितळेचा तुकडा बसवलेला असतो. छेडलेला सूर लवकर मरू नये, ही त्यामागची योजना. कार्लोस सांताना यांच्या मागण्या लक्षात घेऊन कंपनीने ही सुधारणा केली होती. सूर जास्त टिकला तरच त्यावर काही करायला वेळ मिळतो. पुढे नोरो यांनी काही संथ धुनांसाठी पडदे नसलेली गिटारही हाती घेतली. तिच्यावर सूर सरोदासारखा घसरत जातो.

मिंट जॅम्स : मंचावरची कसोटी

फेब्रुवारी १९८२ मध्ये टोकियोच्या त्सुकिजी भागातल्या चुओ काइकान सभागृहात कॅसिओपियाचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले आणि त्यातून ‘मिंट जॅम्स’ ही सात धुनांची मुद्रिका निघाली. नावातली अक्षरे चौघांच्या नावांच्या आद्याक्षरांतून जुळवलेली. तयार करताना टाळ्यांचा आवाज बहुतेक कापून टाकला, त्यामुळे नवखा माणूस ती स्टुडिओतलीच समजतो. मंचावरच्या वादनात एवढी सफाई येऊ शकते, हे सांगण्याची ती रीत होती.

पण सफाईवर थांबणाऱ्या श्रोत्याचे नुकसान होते. ‘असायाके’ आधी १९७९ च्या मुद्रिकेतली ऐकावी आणि मग इथली. चाल तीच, पण मंचावर गिटारीचा फटका अधिक टोकदार आहे आणि ड्रमवर जिम्बो असल्याने सगळा ठेका पुढे झुकलेला आहे. ‘डोमिनो लाइन’मध्ये एक जागा अशी येते की चौघे एकेक सूर वाटून घेतात आणि एकामागून एक टाकत जातात. कोणी जरासा जरी मागे राहिला तर ओळ मोडेल. पुढे साकुराई आणि जिम्बो यांना एकट्याने वाजवायला मोकळी जागा आहे. शिस्त आणि मोकळीक एकाच धुनेत शेजारी ठेवलेली.

‘टीअर्स ऑफ द स्टार’ ही संथ धून मात्र गिटारीची. इथे वेगाचा आधार नाही. नोरो एक लांब सूर धरतात, तो स्थिर होईपर्यंत हात लावत नाहीत, आणि अगदी उतरणीला लागल्यावर त्याला हलकासा कंप देतात. सुराच्या आरंभाकडे सगळेच लक्ष देतात. या वादकाचे मर्म सुराच्या शेवटात आहे. आपल्याकडे गवयाने षड्ज लावला की जाणकार ज्या कानाने ऐकतात, तोच कान इथे लागतो.

शेजारी आणि स्पर्धक

या काळात कॅसिओपिया एकटा नव्हता. त्याच १९७६ साली मासाहिरो अँडो यांनी मेइजी विद्यापीठात ‘द स्क्वेअर’ काढला. तोच पुढे टी-स्क्वेअर. १९८७ ची त्यांची ‘ट्रुथ’ ही धून जपानी दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन शर्यतींचे शीर्षकसंगीत म्हणून लागली आणि जॅझ कशाशी खातात हे माहीत नसलेल्या घरांतही पोचली. कझुमी वातानाबे यांनी जॅझच्या बाजूने, तर मासायोशी ताकानाका यांनी रॉक आणि समुद्रकिनाऱ्याच्या मोकळ्या रंगाच्या बाजूने गिटार पुढे नेली. ताकानाका यांनी १९८१ मध्ये ‘द रेनबो गॉब्लिन्स’ ही सबंध मुद्रिका एका चित्रकथेवर बेतली.

यांतला फरक कानाने कळतो. स्क्वेअरमध्ये मुख्य चाल बहुधा फुंकवाद्याकडे असते, अँडो यांची गिटार रॉकच्या जाड, भरीव आवाजात मध्ये येते आणि आपले सांगून बाजूला होते. कॅसिओपियात फुंकवाद्य नाही. चाल, साथ आणि उपज या तिन्ही कामांसाठी गिटारीलाच सतत आवाज पालटावा लागतो. २००३ मध्ये दोन्ही बँड एका मंचावर आले तेव्हा हा फरक समोरासमोर ऐकता आला.

फाटाफूट, विराम, पुनर्बांधणी

१९८९ मध्ये साकुराई आणि जिम्बो बाहेर पडले आणि त्यांनी ‘जिमसाकू’ ही स्वतंत्र जोडी उभी केली. ताल सांभाळणारी दोन्ही माणसे एकदम गेल्यावर बरेच बँड मिटतात. नोरो आणि मुकाइया यांनी १९९० मध्ये योशिहिरो नारुसे यांना बासवर घेतले, ड्रमवर आधी एक आणि मग दुसरा वादक पाहिला. १९९७ मध्ये जिम्बो परतले, तेही कायमचे सभासद म्हणून नव्हे तर साथीदार म्हणून. २००६ मध्ये काम थांबवल्याचे जाहीर झाले. २०१२ मध्ये ‘कॅसिओपिया थर्ड’ या नावाने पुन्हा सुरुवात झाली ती मुकाइया यांच्याविना. कीबोर्डवर कियोमी ओताका आल्या आणि सिंथेसायझरच्या चकाकीच्या जागी ऑर्गनचा भरदार सूर आला. २०२२ मध्ये जिम्बो पुन्हा गेले, योशिनोरी इमाई आले आणि नाव ‘कॅसिओपिया पी-फोर’ झाले.

एवढ्या बदलांत जुन्या धुना वाजत राहिल्या त्या नोरो यांनी त्या बांधूनच तशा ठेवल्या होत्या म्हणून. कोणी कुठे थांबायचे, कोणी एकत्र यायचे, उपजेला किती जागा, हे रचनेतच ठरलेले. नवा माणूस तालीम करून तिथे बसू शकतो. जॅझमध्ये असे घट्ट लेखन दोष मानणारे रसिक आहेत, आणि कॅसिओपियावर अतिसफाईचा आक्षेप नेहमीच घेतला गेला. तो आक्षेप निराधार नाही. पण त्याच घट्टपणामुळे संस्था टिकली, आणि चौकट पक्की असल्यानेच तिच्या आतली तारेची बारीक हालचाल स्पष्ट ऐकू येते.

आजचा हिशेब

रचना टिकते, पण हात वारशाने मिळतो का? या प्रश्नाची कसोटी परिस्थितीनेच घडवून आणली. २०२१ मध्ये मुकाइया, साकुराई आणि जिम्बो यांनी ‘कात्सुशिका ट्रायो’ सुरू केले. म्हणजे ‘मिंट जॅम्स’च्या चौघांपैकी तिघे, गिटारीविना. ठेका तोच ओळखीचा, मेळ तसाच जुळलेला, चाल कीबोर्ड चोख सांभाळतो. दुसरीकडे नोरो यांच्या बँडमध्ये जुन्या धुना नव्या साथीदारांसह वाजत राहिल्या.

दोन्हीकडचे मंचावरचे वादन एकापाठोपाठ ऐकणे हा गिटार ऐकायला शिकण्याचा सगळ्यात सरळ मार्ग आहे. तिघांकडे कमी काय पडते ते शोधायला गेलो तर चाल, वेग, ताल यांत काहीच उणे सापडत नाही. उणे असते ते दोन सुरांच्या मधले अंतर, तार ढकलत पार केलेले. ते कागदावर लिहिता येत नाही, म्हणून संस्थेच्या दप्तरात जमाही होत नाही. वाद्यवृंद चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेने, मग ती टोकियोची असो की वारणेकाठची, यातून एवढे घ्यावे : चाल पुढच्या तुकडीच्या हाती सोपवता येते, सूर मात्र प्रत्येक तुकडीला आपला आपणच शोधावा लागतो. तालमीत त्यासाठी वेळ राखून ठेवणे, हे चालकांचे काम.